केशरोपण करायचे, तर साठीतला चेहरा डोळ्यांसमोर ठेवून

या सदरासाठी बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी अशा सीमाभागातल्या ठिकाणांहून केशरोपणाविषयी इतकी पत्रे आली आहेत की, या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला देत आहोत. बहुतेक पत्रांत पहिला प्रश्न ‘किती ग्राफ्ट (म्हणजे मुळासकट काढून लावायचे केसांचे लहान गट) लागतील’ हा आणि दुसरा ‘खर्च किती येईल’ हा आहे. या दोहोंच्या आधी विचारायला हवा असा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला आहे. आज लावलेले केस वीस-पंचवीस वर्षांनी, आजूबाजूचे मूळ केस गेल्यावर, कसे दिसतील? खालची उत्तरे त्या प्रश्नाला धरून दिली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा 24 वर्षांचा असून पुण्याला नोकरीस आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत त्याच्या कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले केस गेले आणि माथाही विरळ झाला आहे. मला व त्याच्या मामांना पूर्ण टक्कल आहे. येत्या वैशाखात त्याचे लग्न करावे असे घरात चालले आहे, आणि मुली बघायला सुरुवात होण्याआधी त्याला ट्रान्सप्लांट करून घ्यायचे आहे. एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकने एका दिवसात 4000 ग्राफ्ट लावून शाळेत असताना होती तशी हेअरलाइन करून देऊ, असे सांगितले आहे. आम्ही शेतकरी माणसे, आम्हाला यातले समजत नाही. करावे का?
— एक वडील, खानापूर तालुका

उत्तर : पैसे भरण्याआधी आपण विचारलेत, हे फार बरे केलेत. माझे स्पष्ट मत असे आहे की, या मुलाची शस्त्रक्रिया आत्ता करू नये, आणि 4000 ग्राफ्टची तर मुळीच करू नये. कारणे थोडी सविस्तर सांगतो, म्हणजे आपल्याला मुलालाही समजावता येतील.

पुरुषांमधले नेहमीचे टक्कल आनुवंशिक असते आणि ते आई व वडील अशा दोन्ही बाजूंनी येऊ शकते. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचे संप्रेरक तयार होते. कपाळापासून माथ्यापर्यंतच्या केसांची मुळे या संप्रेरकाला संवेदनशील असतील, तर केस गळून पुन्हा उगवण्याच्या दर फेरीला तिथला केस अधिक बारीक, अधिक आखूड उगवतो आणि शेवटी उगवेनासा होतो. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातील केसांवर हा परिणाम फारसा होत नाही. तिथला केस काढून पुढे लावला, तरी तो आपला मूळचा स्वभाव सोडत नाही, असे न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी 1959 मध्ये मांडले, आणि आजचे सगळे केशरोपण याच तत्त्वावर उभे आहे. या शस्त्रक्रियेत नवा केस एकही तयार होत नाही. मागचा केस पुढे येतो, एवढेच. मागून काढलेल्या जागी पुन्हा केस उगवत नाही.

आपण भाताची लावण करणारे आहात, म्हणून त्याच भाषेत सांगतो. तरवा जेवढा टाकला असेल तेवढीच लावण होते. बांधाकडच्या पहिल्या वाफ्यातच तरवा दाट लावून संपवला, तर उरलेल्या शेताला रोप कुठून आणणार? आपल्या मुलाच्या डोक्याचे शेत अजून पूर्ण उघडे पडलेले नाही, ते किती पडेल हे आज कोणालाच खात्रीने सांगता येणार नाही, आणि क्लिनिक मात्र अर्ध्याहून अधिक तरवा पहिल्याच वाफ्याला वापरायला निघाले आहे.

आता आकडे पाहू. केस मुळापाशी एक ते चार अशा लहान गटांनी उगवतात आणि अशा एका गटाला ग्राफ्ट म्हणतात. निरोगी डोक्यावर एका चौरस सेंटिमीटरमध्ये साधारण 80 ते 100 गट असतात. मागच्या सुरक्षित पट्ट्यातून आयुष्यभरात, तो पट्टा उघडावाघडा न दिसता, सर्वसाधारण माणसाचे पाच-सहा हजार ग्राफ्ट काढता येतात. कोणाचे यापेक्षा कमी, कोणाचे थोडे अधिक. आपल्याला आहे तसे पूर्ण टक्कल पडले, तर उघडा भाग सुमारे 200 चौरस सेंटिमीटरपर्यंत जातो. तो मूळच्या दाटपणाने भरायचा म्हटले, तर सोळा हजारांहून अधिक ग्राफ्ट लागतील. ते कोणाकडेच नसतात. म्हणून चांगला शल्यचिकित्सक पुढच्या भागात चौरस सेंटिमीटरला 35 ते 45 एवढीच दाटी धरतो आणि मागे ती आणखी कमी करत नेतो. डोळ्याला तेवढे पुरते, कारण मूळचे जवळजवळ निम्मे केस जाईपर्यंत विरळपणा सहसा लक्षात येत नाही.

‘शाळेतली हेअरलाइन’ हा या प्रस्तावातला सर्वांत घातक भाग आहे. प्रौढ पुरुषाची केसांची पुढची रेषा दोन भुवयांच्या मधल्या बिंदूपासून साधारण सात ते साडेआठ सेंटिमीटर वर असते आणि दोन्ही कोपऱ्यांत थोडी आत गेलेली असते. ही रेषा सर्वत्र केवळ एक सेंटिमीटर खाली आणायची म्हटले, तरी बारा-चौदा चौरस सेंटिमीटर जागा वाढते आणि तिथेच सुमारे 500 ग्राफ्ट खर्ची पडतात. शिवाय कोपरे भरून काढलेली ती खालची, सरळ रेषा पंचविशीत शोभेल, पण पन्नाशीत सुरकुतलेल्या कपाळावर आणि मोकळ्या माथ्यापुढे ती लावलेली आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळेल. रेषा वर ठेवली आणि पुढे कधी खाली आणावीशी वाटली, तर आणता येते. खाली आणलेली रेषा वर नेणे फार कष्टाचे असते.

मग मुलाने काय करावे? त्याला प्रथम एम.डी. झालेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. तिथे भिंगातून टाळूची तपासणी होते. मागच्या पट्ट्यातील दाटी मोजली जाते, आणि तिथलेही केस बारीक होत नाहीत ना, हे पाहिले जाते. तसे होत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचारच सोडावा लागतो. त्यानंतर औषधे. 5 टक्के मिनॉक्सिडिल लावायला आणि फिनास्टेराइड 1 मिलिग्रॅम पोटात, ही दोन औषधे यात सर्वाधिक अभ्यासली गेली आहेत आणि आहेत ते केस टिकवण्याचे काम तीच करतात. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते. त्याने घाबरून ते सोडू नये. फिनास्टेराइडमुळे काही थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होणे, ताठरतेच्या तक्रारी किंवा मन उदास होणे असे परिणाम होतात. लग्नाच्या उंबरठ्यावरच्या मुलाशी याविषयी डॉक्टरांनी मोकळेपणाने बोलायला हवे आणि असे काही जाणवल्यास त्याने लगेच कळवायला हवे. हे औषध चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदान करू नये. दोन्ही औषधे चालू आहेत तोवरच उपयोगी पडतात. थांबवली की वर्षभरात टिकवलेले केसही जातात.

वर्षभर असे उपचार घेऊन, दर तीन महिन्यांनी त्याच प्रकाशात, त्याच कोनातून फोटो काढून ठेवावेत. गळती स्थिरावली असे त्यात दिसले, तर पुढे गरजेपुरते, केवळ पुढच्या भागाचे, जपून केलेले रोपण विचारात घेता येईल. वैशाखातल्या लग्नासाठी तसाही शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळून जातात, नवे यायला तिसरा-चौथा महिना उजाडतो आणि पूर्ण परिणाम दिसायला वर्ष लागते. मुलगी बघायला जाताना त्याने केस आखूड ठेवावेत आणि आहे तसाच जावे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मी 43 वर्षांचा शिक्षक आहे. गेली सहा-सात वर्षे माझे टक्कल आहे तेवढेच आहे; पुढचा भाग मोकळा, मागे माथ्यावर रुपयाएवढी जागा. रोपण करायचे ठरवले आहे. एफयूई चांगली की पट्टी काढून करतात ती? आणि ‘लावलेले’ दिसू नये म्हणून नेमके काय पाहावे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आपले वय आणि स्थिरावलेले टक्कल पाहता आपण रोपणासाठी योग्य उमेदवार असण्याची शक्यता बरीच आहे. पट्टीच्या पद्धतीत, म्हणजे एफयूटीत, डोक्याच्या मागून त्वचेची अरुंद पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तिचे ग्राफ्ट वेगळे करतात. मागे एक आडवी रेघ राहते आणि केस थोडे वाढवले की ती झाकली जाते. एफयूईमध्ये साधारण 0.8 ते 1 मिलिमीटरच्या नळीसारख्या पंचने एकेक गट काढतात. रेघ राहत नाही, पण बारीक ठिपक्यांएवढे वण सर्वत्र राहतात. आपल्याकडे घरात वडीलधारे गेल्यावर केस काढण्याची पद्धत आहे, तिरुपतीला मुंडण करणारेही पुष्कळ आहेत. पूर्ण मुंडण केल्यावर पट्टीची रेघ स्पष्ट दिसते, एफयूईचे ठिपके त्या मानाने कमी दिसतात. लावलेले केस मात्र मुंडणानंतर इतर केसांसारखेच परत येतात, कारण मूळ त्वचेच्या आत असते. मुंडणाचा प्रसंग येऊ शकतो हे गृहीत धरून बहुतेकांनी एफयूई निवडावी, असे मी सुचवेन. मात्र ‘टाके नाहीत’ म्हणून ती निरुपद्रवी समजू नये. एकाच जागेतून फार ग्राफ्ट उपसले, तर मागचा भाग कसर लागलेल्या लोकरीच्या कपड्यासारखा दिसू लागतो, आणि ते दुरुस्त होत नाही.

नैसर्गिक दिसण्याचे रहस्य पुढच्या एक-दीड सेंटिमीटरमध्ये असते. एखाद्या दाट केसांच्या नातेवाइकाचे कपाळ जवळून पाहा. केसांची सुरुवात कुठे होते ते बोट ठेवून सांगता येणार नाही. आधी तुरळक, मऊ, एकेकटे केस; मग थोडे मागेपुढे सरकलेले झुबके; आणि त्यामागे दाटी. रोपणातही पहिल्या दोन-तीन ओळी केवळ एकेका केसाच्या ग्राफ्टच्या असाव्या लागतात, त्याही मुद्दाम वेड्यावाकड्या. दोन-तीन केसांचे ग्राफ्ट त्यांच्या मागे जातात. कोनही तितकाच महत्त्वाचा आहे. कपाळावर केस त्वचेला जवळजवळ निजलेले, पुढच्या बाजूला झुकलेले उगवतात. कानशिलापाशी ते खाली वळतात आणि त्वचेला चिकटूनच असतात. माथ्यावर भोवऱ्याभोवती फिरतात. केस ज्या छेदात बसवतात, त्या छेदाचा कोन आणि दिशा शल्यचिकित्सकाच्या हातात असते, म्हणून हे छेद कोण देणार, हे आधीच विचारून घ्या.

आपल्या माथ्यावरच्या रुपयाएवढ्या जागेकडे तूर्त दुर्लक्ष करावे. ती पुढे वाढली, तर मधे लावलेल्या केसांभोवती मोकळे कडे तयार होते, आणि ते टकलाहून विचित्र दिसते. चेहऱ्याला चौकट पुढच्या केसांनी मिळते. आधी पुढचा भाग, त्यालाही 2000 ते 2500 ग्राफ्टच्या आसपास, आणि माथ्यासाठी औषधे. मागचा साठा शिल्लक असू द्यावा. आपल्याकडच्या काळ्या केसांच्या जाड धाग्याचा फायदा असा की, तेवढ्याच ग्राफ्टमध्ये भरपणा अधिक वाटतो. आपण तंबाखू किंवा विडी घेत असाल, तर शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी आणि नंतर ती पूर्ण बंद ठेवावी, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्याने बसवलेल्या मुळांना त्याच रक्ताचा आधार असतो.

प्रश्न : मला तीन महिन्यांपूर्वी डेंग्यू झाला होता. आता वेणी घालताना मूठभर केस हातात येतात आणि भांग रुंद दिसू लागला आहे. वय 36. बायकांमध्ये ट्रान्सप्लांट होते का?
— एक भगिनी, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, आपल्याला बहुधा शस्त्रक्रियेची गरज लागणार नाही. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण किंवा मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी केसांचा मोठा हिस्सा एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जाऊन गळतो. ही गळती भीतिदायक असते, पण मुळे जिवंत असतात आणि साधारण सहा महिन्यांत ती आपोआप आवरते. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडच्या तपासण्या मात्र करून घ्याव्यात. रक्त कमी असल्यास ते भरून काढल्याशिवाय केस सावरत नाहीत. त्यासाठी मोठ्या शहरात जाण्याची गरज नाही, बेळगावच्या बीम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयात त्वचारोग विभागाला दाखवले तरी चालेल.

सहा-आठ महिन्यांनंतरही भांग रुंदच राहिला, तर तो आनुवंशिक विरळपणा असू शकतो. स्त्रियांमध्ये पुष्कळदा मागचे केसही विरळ होतात, त्यामुळे रोपणासाठी भरवशाचा साठा उरत नाही आणि औषधांवरच भर द्यावा लागतो. वर्षानुवर्षे घट्ट वेणी किंवा अंबाडा घालून कानशिलापाशी केस गेलेल्या स्त्रियांना, ताण थांबवल्यावर, रोपणाचा चांगला उपयोग होतो. गोल चकत्यांसारखी चाई पडत असेल, तर ती सक्रिय असताना रोपण करूच नये. आजार लावलेल्या केसांनाही सोडत नाही.

प्रश्न : मी 27व्या वर्षी रोपण करून घेतले. आता 35 वर्षांचा आहे. पुढे लावलेले केस आहेत, पण त्यांच्या मागचे मूळचे केस गेले. पुढे झुबक्यांची सरळ रांग आणि मागे मोकळे, असे झाले आहे. लोकांसमोर टोपी काढायला लाज वाटते. काही करता येईल का?
— एक वाचक, अथणी

उत्तर : करता येईल, परंतु घाईने दुसरी शस्त्रक्रिया हा त्यावरचा उपाय नव्हे. आपले दुःख मी समजू शकतो, कारण अशी अनेक माणसे तपासली आहेत, आणि यात आपला दोष नाही. नंतरची गळती थोपवण्याचे औषध त्याच वेळी सुरू व्हायला हवे होते. ते आता सुरू करावे, म्हणजे उरलेले मूळचे केस तरी थांबतील. त्यानंतर मागच्या पट्ट्यात नेमके किती ग्राफ्ट शिल्लक आहेत हे मोजून घ्यावे. सगळी योजना त्या एका आकड्यावर ठरेल.

रांगेतले जाडसर झुबके एफयूईने काढता येतात आणि ते वेगळे करून मागच्या मोकळ्या जागेत पुन्हा वापरता येतात. फारच खाली आलेले केस लेसरने घालवता येतात. राहिलेल्या रेषेत एकेका केसाचे ग्राफ्ट विखरून टाकले, की तिचा कडकपणा कमी होतो. मागचा साठा अपुरा असेल, तर हनुवटीखालच्या दाढीचे केस घेता येतात. ते जाड आणि राठ असल्याने पुढच्या ओळीत चालत नाहीत, पण मधल्या भागात डोक्याच्या केसांत मिसळून लावले, की भर देतात. त्वचेत रंगाचे बारीक ठिपके भरून विरळपणा झाकण्याचाही मार्ग आहे आणि वण लपवायला तो उपयोगी पडतो. हे सारे टप्प्याटप्प्याने, दोन बैठकींमध्ये किमान आठ-दहा महिने ठेवून करावे. दुरुस्तीची कामे नियमित करणारा शल्यचिकित्सकच निवडावा. मिरज, कोल्हापूर, हुबळी असे कुठेही जावे लागले तरी हरकत नाही.

प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला कधी जाता येईल? शेतीची कामे आणि हेल्मेट यांचे काय?
— एक वाचक, रायबाग

उत्तर : लावलेली मुळे पक्की धरायला सुमारे दहा दिवस लागतात. तोवर डोक्याला धक्का, घासणे, खाजवणे टाळावे. पहिल्या दोन-तीन रात्री उशी उंच घेऊन झोपावे. कपाळावर आणि डोळ्यांभोवती सूज येऊन उतरते, ते अपेक्षित आहे. हेल्मेट सैल असल्यास दोन आठवड्यांनी, तेही डॉक्टरांनी पाहिल्यावर. ओझी उचलणे, उन्हातले कष्ट आणि धुळीची मळणी तीन-चार आठवडे नको. यात्रेत भंडारा डोक्यावर उधळला जातो आणि गर्दीत धक्केही बसतात, त्यामुळे महिना पूर्ण होण्याआधी जाऊ नये. तारीख जवळ असेल, तर देवीला जाऊन आल्यावरच शस्त्रक्रियेचा दिवस घ्यावा.

प्रश्न : जाहिराती इतक्या आहेत की कोणावर विश्वास ठेवावा कळत नाही. क्लिनिक निवडताना काय विचारावे?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : पहिला प्रश्न, शस्त्रक्रिया करणाऱ्याची पदवी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढून हे काम शस्त्रक्रियेचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच करावे असे सांगितले आहे. प्लास्टिक सर्जन आणि त्वचारोगतज्ज्ञ यांच्या शिक्षणात ते येते. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून हे काम सुरू करता येत नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. कर्नाटकात खासगी दवाखान्याला 2007च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र पाहायला मागावे. तंत्रज्ञ मदतीला असतात आणि देखरेखीखाली ग्राफ्ट बसवतात, पण रेषा आखणे, भूल देणे आणि छेद घेणे ही कामे डॉक्टरांचीच आहेत. भुलेच्या औषधालाही वजनानुसार कमाल मात्रा असते, म्हणून रक्तदाब, हृदय, मधुमेह तपासल्याशिवाय आणि तातडीच्या उपचारांची सोय असल्याशिवाय कोणी टेबलावर घेत असेल, तर तिथून उठून यावे.

संमतीपत्र बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असते. ते न वाचता सही करू नये. ‘मला मराठीतून समजावून सांगा’ म्हणण्यात संकोच कसला? जुन्या रुग्णांचे फोटो मागताना पहिल्या वर्षाचे न मागता पाच-सात वर्षांनंतरचे मागा. ‘आजच बुक केल्यास इतके ग्राफ्ट मोफत’ असे कोणी म्हटले, तर त्याने आपल्या मागच्या पट्ट्याचे मोजमाप केलेले नाही, एवढे समजून घ्या.

शस्त्रक्रिया झाल्यावर एक कागद आवर्जून मागून घ्यावा. एक, दोन आणि तीन केसांचे किती ग्राफ्ट काढले, ते कुठे कुठे लावले, आणि मागे अंदाजे किती साठा उरला, हे सारे त्यावर डॉक्टरांच्या सहीने लिहिलेले असावे. तो कागद शस्त्रक्रियेआधीच्या फोटोंसह जपून ठेवा, कारण दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले, तर त्यांना पहिल्यांदा त्याचीच गरज पडेल.